वळचणीतून आलेली वीज

२०२४च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्री चढली आणि कारेलीबागेतल्या आमच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. गाद्या गेल्या, वर्षाचं धान्य गेलं, फ्रिज आडवा होऊन दिवाणखान्यात तरंगत होता. पण त्या तीन दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर ते जिन्याखालचं विजेचं मीटर. आम्ही सगळे वरच्या पायऱ्यांवर बसून पाणी त्याच्या काचेपर्यंत चढताना बघत होतो. पुरवठा आधीच बंद केला होता म्हणून बरं. तरीही त्या पेटीकडे बघताना छातीत धडधडत होतं. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, मगरी रस्त्यावर आल्या, हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेलच. ते परत सांगत नाही.

पाणी ओसरल्यावर घरात एकमत झालं की मीटर वर न्यायचं. वीज कंपनीकडे रीतसर अर्ज केला. जुनी केबल जमिनीतून यायची. आता खांबावरून थेट गच्चीच्या उंचीवर तार आणायची, तिथून लोखंडी पाईप खाली उतरवायचा आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मीटर बसवायचं. ऐकायला सोपं. पण त्या पाईपाच्या वाटेत दोन अडथळे होते. एक गच्चीच्या स्लॅबची बाहेर आलेली कड, आणि तिच्या खाली गॅलरीच्या दारावरचा छज्जा. दोन्हींना भोकं पाडायची आणि ती एकाखाली एक, सुतात यायला हवीत.

पहिल्यांदा एक तरुण मुलगा ड्रिल घेऊन आला. त्यानं वरचं भोक पाडलं, वाकून खाली बघितलं, एक डोळा मिटला आणि शिडीवर चढून खालच्या छज्ज्याला ड्रिल लावणार, तेवढ्यात मी ओरडले, "थांब!" तो दचकला. आमचे हेसुद्धा दचकले. घरातल्या बाईनं ड्रिलच्या कामात बोलावं, हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्याला मी विचारलं, ओळंबा आहे का? तो हसला. म्हणाला, दोन-तीन इंच इकडेतिकडे झालं तर पाईप वाकवून घेऊ.

पाईप वाकवून घेतल्यावर काय होतं, ते मी लहानपणी पाहिलं आहे. पण ते सांगण्याआधी जरा मागे जावं लागेल.

वळचण म्हणजे काय, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलींना कदाचित सांगावं लागेल. उतरत्या छपराची भिंतीच्या बाहेर आलेली कड आणि तिच्याखालची आडोशाची जागा. पावसाचं पाणी पागोळ्यांनी तिच्या टोकावरून पडतं, भिंतीला लागत नाही. मातीच्या भिंती शंभर-शंभर वर्षं उभ्या राहिल्या त्या या दोन हात कडेच्या जिवावर. गुजरातेतल्या लाकडी हवेल्यांत तिचा छज्जा झाला, कोरीव घोडे आले; सिमेंटच्या घरांत ती स्लॅबची कड झाली. काम तेच, पाणी घरापासून लांब ठेवायचं. आणि वीज आली ती नेमकी याच कडेला भोक पाडून. पाणी अडवणाऱ्या जागीच छिद्र करायचं आणि त्यातून पाण्याशी जिचं हाडवैर आहे ती वस्तू आत घ्यायची, असा हा सगळा विचित्र प्रकार.

मोठ्या शहरांना हा प्रश्न फारसा पडला नाही. मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण ती कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मार्केट परत गॅसवर गेलं. दार्जिलिंगला १८९७, कलकत्त्याला १८९९, मग १९०५मध्ये मुंबईला नियमित वीज आली. इकडे आमच्या बाजूला अहमदाबादेत १९१३मध्ये वीज कंपनी निघाली, सुरतेत १९२०मध्ये. मोठ्या शहरांच्या श्रीमंत भागांत तारा जमिनीखालून नेल्या. लहान गावांना आणि जुन्या पेठांना तो खर्च परवडणारा नव्हता. तिथे खांब उभे राहिले, आणि खांबावरून घरात यायचं तर तार आधी वळचणीपाशी येणार.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा दांडियाबाजारात जुना वाडा आहे. अजून पडलेला नाही, एवढंच त्याचं कौतुक. त्याच्या छज्ज्याखाली अजून चिनीमातीचे पांढरे कप दिसतात, लोखंडी पट्टीवर दोन-दोन. त्यांच्या मागे भिंतीत चिनीमातीची एक नळी बसवली आहे. मी एकदा नीट निरखून पाहिली. ती आडवी सरळ नाही. बाहेरचं तोंड खाली, आतलं वर. म्हणजे पाणी चुकून नळीत शिरलं तरी बाहेरच गळून पडावं. आणि तार कपापासून नळीकडे जाताना मध्ये मुद्दाम झोळ देऊन खाली सोडलेली. तारेवरून ओघळणारा थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकतो, नळीपर्यंत पोचतच नाही. आत सागवानी पट्टीच्या खोबणीतून तारा, वर लाकडी झाकणपट्टी आणि पितळी टोपीची बटणं. ज्या कुणी हे केलं त्यानं पावसाचा विचार केला होता.

बडोद्याला असा विचार करणारे कारागीर मिळावेत, यात नवल नाही. १८९० साली इथे दोन गोष्टी झाल्या. लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी महाराज सयाजीरावांच्या राज्यात त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं कलाभवन सुरू झालं. तिथे रंगकाम, चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायचे. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९४९मध्ये विद्यापीठ झाल्यावर कलाभवन त्यात सामावलं गेलं. राजवाड्याला बघायला लोक तिकीट काढून जातात, माझ्या मते शहरावर जास्त उपकार कलाभवनाचे. हातानं काम करणाऱ्या माणसाला नकाशा वाचता यावा आणि नकाशा वाचणाऱ्याला हात चालवता यावा, ही साधी गोष्ट तेव्हा फार थोड्या राज्यांना सुचली.

एक गंमत सांगते. विजेवर चालणारं ड्रिल १८८९ साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला पेटंट झालं. ते होतं खाणीसाठी, एका जागी बसवलेलं. पिस्तुलासारखं हातात धरायचं, बोटानं घोडा दाबायचं ड्रिल अमेरिकेत आलं ते १९१६-१७च्या सुमाराला, आणि आपल्याकडच्या वायरमनच्या पिशवीत यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. शिवाय ज्या घरात वीज आलेलीच नाही तिथे ते लावणार कुठे? म्हणजे घरात वीज आणणारं पहिलं भोक कायम छिन्नी-हातोड्यानंच पाडलं गेलं. भोक वेडंवाकडं झालं तर दोष एकट्या माणसाचा कसा म्हणायचा!

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सबंध देशाची वीज तयार करायची ताकद होती १,३६२ मेगावॅट. आज एकेका मोठ्या प्रकल्पाची त्याहून जास्त असते. खेड्यांत तर वीज जवळजवळ नव्हतीच. मग १ मे १९६० उजाडला. मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि प्रत्येकाचं आपलं वीज मंडळ झालं. गुजरातचं मुख्यालय आमच्या बडोद्यात, रेसकोर्सच्या बाजूला, महाराष्ट्राचं मुंबईत. माझं माहेर कोल्हापूरकडचं, सासर इथलं. त्यामुळे एका मंडळाची वीज मी लहानपणी पाहिली आणि दुसऱ्याची लग्नानंतर. आता दोन्ही मंडळं राहिली नाहीत, त्यांच्या कंपन्या झाल्या. पण आमच्या सासूबाई शेवटपर्यंत 'जीईबीचं बिल' असंच म्हणायच्या.

माहेरच्या गावात वीज आली तेव्हा मी तिसरीत होते. १९७८च्या आसपासची गोष्ट. गावात खांब आधीच पडून होते. आम्ही त्यांच्यावर तोल सांभाळत चालायचो. घरोघरी जोडणी द्यायला माणसं आली. आमचं घर कौलारू. त्या माणसांनी आढ्याकडे बघितलं, मग वळचणीकडे, आणि म्हणाले इथून पाईप घ्यावा लागेल.

आज्जीनं हरकत घेतली. विजेला नव्हे, वळचणीला. तिथे चिमण्यांची घरटी होती. "आधी बघा, पिल्लं हाईत का. मग काय ते करा." त्या माणसांना वाटलं म्हातारी चेष्टा करते. पण आज्जी शिडीखालून हललीच नाही. शेवटी आमच्या अण्णांनी वर चढून पाहिलं. एका वाशापाशी पिल्लं होती. मग पाईपाची जागा हातभर सरकवली. आमच्याकडे सूर्य बुडायच्या आत जेवणं होत, त्यामुळे दिव्याची तिला फारशी गरजही नव्हती. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरं गोळा झाली की ती उठून बटण बंद करायची आणि आम्ही मुलं अंधारात ओरडायचो.

जागा सरकली आणि पाईप नेमका वाशाच्या आड आला. खालून लाकडी फळीला भोक आणि वरून कौल फोडून केलेली वाट, यांचा मेळ बसेना. चार बोटांचा फरक राहिला. मग त्या माणसांनी पाईप गुडघ्यावर दाबून वाकवला, आत सरकवला, कौलाभोवती सिमेंट थापलं आणि निघून गेले. संध्याकाळी दिवा लागला. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्या वाकलेल्या जागी आत वायरचं काय झालं असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन पावसाळे गेले. पाईप चांगला मजबूत, म्हणून काकूनं त्याला तार बांधून दुसरं टोक अंगणातल्या शेवग्याला बांधलं होतं. धुणं वाळत घालायला. तुमच्यापैकी कितीजणींनी हे केलंय, मनातल्या मनात आठवा. मी तर आजही रस्त्यानं जाताना घराघरावर बघते. श्रावणातली झड थांबून जरा ऊन पडलं होतं. काकू ओल्या हातांनी ओलं लुगडं तारेवर टाकायला गेली आणि किंचाळली. मी ओसरीवर होते. तिची मूठ तारेवर आवळली गेली होती, सुटत नव्हती. अण्णांनी कोरडी काठी तारेवर हाणली, तार शेवग्याकडून तुटली आणि काकू खाली पडली. वाचली. तळहातावर काळा पट्टा पडला तो कायमचा. त्यानंतर भाकरी थापताना ती उजवा हात जरा वाकडा धरायची.

नंतर दुसरा वायरमन आला, मोठ्या गावाहून. त्यानं पाईप काढून दाखवला. बाकाच्या जागी वायरचं रबर घासून तांबं उघडं पडलं होतं. पाईपाच्या कापलेल्या तोंडाची धार कुणी कानशीनं घासलीच नव्हती, तिथेही वायर सोललेली. सिमेंटला चीर गेलेली, तिच्यातून पाणी पाईपाच्या बाजूनं उतरत होतं. पाईपाचं वरचं तोंड आभाळाकडे उघडं, त्यातून आतही पाणी. आणि पाईपाला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. ती असती तर वीज जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता, घरात अंधार झाला असता, बस्स. तसं झालं नाही, आणि पाईपात उतरलेली वीज कपडे वाळत घालायच्या तारेवर येऊन बसली, आमच्या काकूची वाट बघत.

आणि नियम नव्हते असं नाही हं. १९१०चा वीज कायदा होता, १९५६चे सविस्तर नियम होते. लोखंडी भागांना अर्थिंग हवं, हे त्यात होतंच. घरावरून साधी तार जात असेल तर छपराच्या सर्वात उंच भागापासून ती अडीच मीटर वर हवी, बाजूनं जात असेल तर सव्वा मीटरच्या जवळपास, नेमकं सांगायचं तर १.२ मीटर लांब हवी, हेही होतं. पण घर एका जागी थांबतं का? आमच्या सोसायटीतच बघा. घरं बांधली तेव्हा तार लांब होती. मग एकानं गॅलरी वाढवली, दुसऱ्यानं छज्जा ओढला, तिसऱ्यानं त्यावर पत्रा टाकला, आणि आता काही घरांतून हात लांबवला तर तार हाताला लागेल. तार तिथेच आहे, घर तिच्याकडे चालत गेलं. पुन्हा मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरनंतरची आपली, हे आपण तोंडपाठ म्हणतो. पण तो पाईप आपल्या भिंतीवर, भोक आपल्या छज्ज्याला, आणि त्याला हात लागायचा तो बहुतेक वेळा घरातल्या बाईचा.

तर, त्या तरुण मुलाला मी चहा देऊन परत पाठवलं आणि शेजारच्या सोसायटीतल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावलं. सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी पिशवीतून पहिली वस्तू काढली ती पितळी ओळंबा, दोरीवर त्याच्याच जाडीची लाकडी चकती. मी मराठीत म्हटलं, "अरे वा, ओळंबा!" ते गुजरातीत म्हणाले, "हा बेन, ओळंबो. आंखनो भरोसो नहीं." एका अक्षराचा फरक. दोघांचाही मूळ शब्द अवलंब, खाली लोंबणारा.

हा शब्द आणि ही वस्तू फार जुनी. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या दरबारी मंडन नावाचा सूत्रधार होता. त्याच्या 'राजवल्लभ' या वास्तुग्रंथात बांधकामाची आठ सूत्रं, म्हणजे आठ साधनं सांगितली आहेत. पहिलं साधन दृष्टी, म्हणजे डोळा. मग हात किंवा गज, मुंजाची दोरी, सुताची दोरी, अवलंब, गुण्या, पातळी बघायचं साधन आणि कर्काटक. डोळा पहिला आहे खरा, पण पुढची सातही साधनं डोळ्याची चूक पकडायलाच आहेत, असं मला वाटतं. याच राणा कुंभाच्या काळात राणकपूरचं मंदिर उभं राहिलं. आपल्यातल्या कितीतरीजणी यात्रेला जाऊन तिथले चौदाशेच्यावर खांब मोजायचा प्रयत्न करून आल्या असतील. त्यातल्या प्रत्येक खांबाशेजारी कधीतरी कुणीतरी असाच एक ओळंबा धरून श्वास रोखून उभा राहिला असणार.

मिस्त्रीकाकांनी वरच्या भोकातून दोरी सोडली. पण वारा होता, ओळंबा काही थांबेना. त्यांनी मला पाण्याची बादली मागितली. मला कळेना कशाला. बादली छज्ज्यावर ठेवून त्यांनी ओळंबा तिच्यात बुडवला, आणि दोन मिनिटांत तो स्थिर! मग दोरीच्या चारी बाजूंना बादलीच्या बाहेर छज्ज्यावर खुणा केल्या, बादली हलवली, आणि त्या खुणांवरून पाटी धरून छज्ज्यावर फुली मारली. तरी लगेच मोठं भोक पाडलं नाही. आधी बारीक पातं घालून एक लहानसं भोक आरपार पाडलं, दोरी परत सोडली, ती बरोबर मधून गेली का बघितलं.

तेवढ्यात पात्याला सळई लागल्याचा आवाज आला. ते थांबले आणि फुली अंगठाभर बाजूला घेतली, वरचं भोकही तेवढंच वाढवलं. मला म्हणाले, बाहेर काढलेल्या छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, भिंतीतून बाहेर आलेली. ती कापली की छज्जा एक दिवस मान टाकतो. मी वीस वर्षं त्या छज्ज्याखाली तुळशीची कुंडी ठेवते, तो कशाच्या जोरावर उभा आहे हे मला माहीतच नव्हतं.

मग पाईपाच्या दोन्ही तोंडांची धार त्यांनी कानशीनं घासून गुळगुळीत केली आणि मला त्यावरून बोट फिरवायला लावलं. भोकाभोवती छज्ज्यावर सिमेंटचा बोटभर उंच गोल कठडा केला, पाणी पाईपापाशी साचू नये म्हणून. पाईपाच्या वरच्या टोकाला छत्रीच्या मुठीसारखा बाक, तोंड खाली. त्या तोंडाला जाळी, गांधीलमाशीनं घर करू नये म्हणून. ती मी सांगून लावून घेतली. तारेला झोळ ठेवला, दांडियाबाजारच्या वाड्यात आहे तसाच. अर्थिंगची हिरवी तार पाईपाला आवळली आणि आतल्या बोर्डावर गळती पकडणारं तीस मिलिअँपिअरचं स्विच बसवलं. ते माणसाच्या अंगातून वीज जायला लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतं. काकूच्या वेळी असं काही नव्हतं.

या सगळ्याला पूर्ण दिवस लागला. तो तरुण मुलगा दुपारी परत आला होता, मीच बोलावलं होतं. तो बादलीकडे बघत बसला, मग मोबाईलवर तिचा फोटो काढला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. रात्री दोनला उठून मी बॅटरी घेऊन गॅलरीत गेले आणि छज्ज्याच्या खालून हात फिरवला. कोरडं. सकाळी समोरच्या घरातली नवी सून तिच्या गॅलरीत, सर्व्हिस पाईपाला नायलॉनची दोरी बांधत होती. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.